चैत्रांगणाचा छाप घरच्या घरी: कापायचे काय आणि राखायचे काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाई लालबागच्या चाळीत असताना चैत्रगौर बसल्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज दारात चैत्रांगण, म्हणजे शुभचिन्हांची रांगोळी, काढत असत. आता इमारत नवी झाली, दारापुढे जेमतेम दोन फूट जागा उरली आणि त्यांचे गुडघेही खाली बसू देत नाहीत. तुम्हांला सकाळची लोकल गाठायची असते. बाजारातल्या तयार छापांत मोर, फुले आणि पणत्या मिळतात. शंख, गोपद्म (गाईच्या खुराची खूण), फणी, करंडा ही चिन्हे मिळत नाहीत. म्हणून तुम्ही सासूबाईंच्या वहीतली चिन्हे जाड कार्डशीटवर उतरवून स्वतः कापली, तेव्हा कासवाच्या पाठीवरचे तुकडे गळून पडले, शंखाचे वेटोळे लोंबू लागले आणि रांगोळी कडेखालून पसरून सगळ्या रेषा फुगल्या.

यांतली पहिली दोन दुखणी आराखड्याची आहेत आणि तिसरे कागदाचे आहे. हात सफाईदार नसल्यामुळे यांतले काहीही झालेले नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. वहीतले चित्र जसेच्या तसे छापावर उतरवले की हे होणारच, कारण वहीतली कासवाची आकृती बोटांनी काढण्यासाठी आहे. बोटे रेघ ओढतात आणि छाप भरीव ठसा उमटवतो. छाप करताना चित्र पुन्हा नव्याने रचावे लागते, आणि रचताना लक्ष कापायच्या भागापेक्षा न कापता ठेवायच्या भागाकडे द्यावे लागते.

आधी आराखड्याचे पाहू, कारण सगळे यश त्यातच आहे. आलेखाच्या वहीचा कागद घ्या आणि चिन्ह पेन्सिलीने काढा. मग जो भाग कापला जाणार आहे, म्हणजे जिथे रांगोळी पडणार आहे, तो काळ्या मार्करने पूर्ण भरून टाका. आता कोणत्याही पांढऱ्या जागेवर बोट ठेवा आणि काळ्याला न ओलांडता ते कागदाच्या कडेपर्यंत न्या. बोट पोचले तर तो भाग टिकेल. पोचले नाही तर तो चहूबाजूंनी कापला जाणार आणि गळून पडणार. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, पण ती न करता कापायला बसलेल्यांचे बहुतेक छाप कासवापाशीच अडतात.

सुट्या भागाला कडेशी बांधून ठेवणारी जी अरुंद पट्टी आपण राखतो तिला मी जोड म्हणतो. नवशिके आधी चित्र पूर्ण करतात आणि नंतर जिथे तुकडा गळेल असे वाटते तिथे एखादा जोड टाकतात. असा जोड चित्रात उपरा दिसतो आणि रांगोळी उमटल्यावर रेघ मध्येच तुटल्यासारखी भासते. याउलट जोड हाच चित्राचा भाग केला तर तो कोणाच्या लक्षातही येत नाही. तुमचेच कासव घ्या. पाठीची बाह्यरेषा काढूच नका. मध्यभागी एक षट्कोन कापा, त्याच्या सहा बाजूंना सहा तुकडे कापा, आणि या सात तुकड्यांमध्ये 3 मिलिमीटर रुंदीची पट्टी सगळीकडे राखा. रांगोळी पडल्यावर सात पांढरे तुकडे उमटतील आणि त्यांच्यामधून जमिनीचा रंग दिसेल. त्या जमिनीच्या रेषाच कवचावरच्या रेषा होतील. डोके, चार पाय आणि शेपूट पाठीपासून तेवढ्याच अंतरावर वेगवेगळे कापा. एकही तुकडा गळणार नाही आणि कासव पहिल्यापेक्षा जास्त कासवासारखे दिसेल, कारण खऱ्या कवचाची रचनाही अशीच ढालींची असते.

शंखाचेही तसेच. वेटोळे म्हणजे एक अखंड फिरत जाणारी रेघ. ती कापली की मधली न कापलेली पट्टी, म्हणजे जीभ, लांबच लांब होते आणि एकाच टोकाला धरलेली असल्यामुळे लोंबते. म्हणून वेटोळे सोडून द्या. शंखाचे शरीर एकाखाली एक निमुळत्या होत जाणाऱ्या चार-पाच चंद्रकोरींच्या पट्ट्यांत विभागा. पट्ट्यांमधल्या फटी म्हणजेच शंखाची वळणे. सूर्याची तबकडी आणि किरणांचे त्रिकोण वेगळे कापावेत, कमळाची प्रत्येक पाकळी वेगळी असावी, तुळशीवृंदावनाची प्रत्येक पायरी हा एक स्वतंत्र आयत असावा. आरशाची चौकट कापायला गेलात तर काच गळते, म्हणून काचेचा गोल भरीव कापा आणि चौकट तुटक ठिपक्यांनी दाखवा. फणीला सोळा दात काढण्याचा मोह आवरा; सहा जाड दात पुरेसे आहेत, कारण दोन दातांमधली प्रत्येक फट म्हणजे छापावरची एक लांब जीभ असते आणि जीभ जितकी अरुंद तितकी ती रांगोळीसह वर उचलली जाते.

स्वस्तिकाबद्दल दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. त्यात कुठेही बंदिस्त जागा नाही, त्यामुळे तो सोपा वाटतो. परंतु चारही भुजांच्या कोपरांत छापाच्या चार जिभा तयार होतात आणि त्यांची टोके जमिनीला टेकत नाहीत. म्हणून प्रत्येक कोपरात एक जोड ठेवावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पारदर्शक छाप उलटा ठेवला गेला तर स्वस्तिकही उलटा उमटतो, आणि सकाळच्या घाईत हे सहज होते. ॐ आणि श्रीचेही तेच. तेव्हा कापून झाल्याबरोबर न पुसणाऱ्या मार्करने प्रत्येक छापाच्या कोपऱ्यात ‘वर’ असे लिहून ठेवा. लक्ष्मीच्या पावलांना मात्र हीच गोष्ट उपयोगी पडते: उजवे पाऊल कापले की तोच छाप उलटून डावे मिळते. त्यावर ‘उजवे’ आणि मागून ‘डावे’ लिहा. पावले घरात येणारी असावीत, म्हणजे बोटे उंबरठ्याच्या दिशेला.

वरच्या उपायाने न सुटणारी काही चिन्हे राहतातच. गौरीचा पाळणा, मोरपीस, नागाचे वेटोळे यांत रेघ हीच खरी गोष्ट असते. त्यांच्यासाठी भोकांचा छाप करावा. आपल्याकडे भोके पाडलेल्या पत्र्याच्या नळ्या रांगोळीसाठी वापरतात. आत रांगोळी भरून जमिनीवरून फिरवली की वेलीचा पट्टा उमटतो. तत्त्व तेच. रेघ सलग न कापता तिच्यावर 3 मिलिमीटर व्यासाची भोके, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 5 मिलिमीटर अंतर ठेवून पाडायची. प्रत्येक दोन भोकांमध्ये 2 मिलिमीटरचा जोड आपोआप राहतो, त्यामुळे वेटोळे कितीही बंद असले तरी काहीही गळत नाही. चपला दुरुस्त करणारे वापरतात तो चामड्याचा पोकळ पंच यासाठी उत्तम. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांत तो सुटाही मिळतो. खाली लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा एकच ठोका द्यावा. पेटत्या उदबत्तीने किंवा तापवलेल्या सळईने प्लॅस्टिकला भोके पाडण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे, ती मी करू देत नाही. वितळलेल्या प्लॅस्टिकचा धूर छातीला वाईट आणि भोकाभोवती जी उंच कड येते तिच्यामुळे छाप जमिनीला सपाट टेकत नाही.

हाच प्रश्न इतरत्र लोकांनी कसा सोडवला ते पाहणे शिकण्यासारखे आहे. मथुरा-वृंदावनच्या सांझी कलेत कात्रीने कापलेल्या कागदी साच्यांवरून कोरडे रंग चाळून कृष्णलीलेची चित्रे उमटवतात. तिथे एका चित्रासाठी रंगागणिक वेगळा साचा असतो, त्यामुळे एका साच्यावर सगळा भार येत नाही. जपानमध्ये कापड छापण्यासाठी हातकागदाचे थर तेंदूच्या जातीच्या फळाच्या रसाने चिकटवून साचे करत, आणि नाजूक सुटे भाग रेशमी धाग्यांनी बांधून ठेवत. धागा इतका बारीक की छपाईत त्याची खूण उमटत नसे. रांगोळीची पूड कोरडी असल्याने तुम्हांला धाग्यांची गरज नाही, मात्र रंगागणिक वेगळा छाप ही कल्पना उचलण्यासारखी आहे. सूर्याची तबकडी एका छापावर पिवळी, किरणे दुसऱ्या छापावर केशरी, असे केले तर दोन्ही छाप मजबूत राहतात.

आता साहित्य. कार्डशीट मुंबईत सोडूनच द्या. इथल्या दमट हवेत ती दोन दिवसांत कडेने वळते, आणि वळलेल्या कडेखालून रांगोळी आत शिरते. तुमच्या रेषा फुगल्या त्या यामुळेच. शिवाय कार्डशीट जाड असल्याने खिडकीत, म्हणजे कापून मोकळ्या केलेल्या भागात, पुडीचा उंच थर साठतो आणि छाप उचलताच तो बाजूंना ढासळतो. पूर्वी छापाच्या कागदाला जवसाचे तेल पाजून तो टिकाऊ करत, पण आज त्या खटाटोपाची गरज राहिलेली नाही. 175 ते 250 मायक्रॉन जाडीची पॉलिस्टरची पारदर्शक शीट सर्वांत चांगली. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरच्या कागदाच्या आणि स्टेशनरीच्या दुकानांत विचारावी. ओएचपी शीट साधारण 100 मायक्रॉनची असते. चार इंचांच्या चिन्हाला ती चालते, मोठ्याला लटपटते. जुन्या एक्स-रे फिल्मचा आधार याच जाडीच्या पॉलिस्टरचा असतो आणि कापायला तो फार सुंदर आहे; तरी त्यावर चांदीचा थर आणि रुग्णाचे नाव असते, शिवाय दारातल्या शुभचिन्हासाठी कोणाच्या आजारपणाची फिल्म वापरावी असे मला वाटत नाही.

घराजवळच होण्यासारखा एक मार्ग सांगतो. झेरॉक्सच्या दुकानात 125 मायक्रॉनच्या पाउचमध्ये काहीही न घालता लॅमिनेशन करून मागा. दोन थर मिळून 250 मायक्रॉनची स्वच्छ पारदर्शक शीट तयार होते. काही जण आराखड्याचा कागदच आत घालून लॅमिनेट करतात, म्हणजे रेघांवरून थेट कापता येते. परंतु कापलेल्या कडेतून कागद पाणी पितो, म्हणून असा छाप धुता येत नाही. महिनाभर रोज वापरायचा छाप धुता यायलाच हवा. आराखडा मोठा करायचा असेल तर ए-4 वरून ए-3 करण्यासाठी 141 टक्के सांगावे. त्याबरोबर जोडांची रुंदीही वाढते हे ध्यानात ठेवा. भोकांचा छाप सोडला तर मूळ आराखड्यात 4 मिलिमीटरपेक्षा अरुंद खिडकी ठेवू नका, कारण चाळताना त्याहून अरुंद फटीत पूड अडकते. दहा इंचांच्या वरच्या चिन्हाला 5 मिलिमीटरचे जोड द्या. चिन्हाभोवती चारी बाजूंनी 4 सेंटिमीटरची कोरी कड सोडा, नाहीतर चाळताना पूड बाहेर सांडेल.

कापण्यासाठी स्टेशनरीचा साधा कटर चालतो, पण वळणांवर 11 नंबरचे सर्जिकल पाते 3 नंबरच्या मुठीत बसवून घेतलेत तर फरक लगेच कळेल. औषधांच्या मोठ्या दुकानांत दोन्ही मिळते. आराखड्यावर शीट ठेवून मास्किंग टेपने चारी कडा चिकटवा, खाली कटिंग मॅट घ्या. मध्यभागातले सर्वांत लहान तुकडे आधी, मोठ्या खिडक्या शेवटी. मोठी खिडकी आधी उघडली की शीटची ताठरता जाते आणि नंतर बारीक भाग कापताना जोड ताणले जातात. वळण कापताना पाते एका जागी धरून शीट फिरवायची, मनगट फिरवायचे नाही. कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी कोपऱ्यापर्यंत येऊन थांबा. पाते पुढे निसटले तर तिथून चीर जाते. एका दमात पूर्ण खोल कापण्यासाठी जोर लावू नका, हलक्या हाताने दोनदा पाते फिरवा. तुकडा निघत नसेल तर ओढू नका, कोपऱ्यात पुन्हा पाते टेकवा. जोड तुटलाच तर दोन्ही बाजूंनी पारदर्शक टेप लावून जादा टेप पात्याने कापून टाका. असा जोड पुष्कळ काळ टिकतो. पात्याचे टोक बोथट होताच पाते बदला. बहुतेक जखमा बोथट पात्याला जोर लावल्याने होतात.

51 चिन्हे, कुठे 64, असा चैत्रांगणाचा संकेत सांगतात आणि घराघरांत यादी थोडी वेगळी असते. सगळी एकाच शीटवर कापू नका. 4 इंच चौरसाचे सुटे छाप करा आणि सासूबाईंना विचारून तुमच्या घरची यादी तीच प्रमाण माना. दोन फुटांच्या जागेत एका वेळी सगळी मावणार नाहीत. मधल्या गौरीभोवती रोजची ठरावीक चिन्हे, म्हणजे सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्म, तुळस आणि हळदीकुंकवाचा करंडा ठेवून बाकीची आळीपाळीने घेता येतील. गौर स्वतः मात्र छापाने काढू नये असे माझे ठाम मत आहे. पाळण्याची चौकट भोकांच्या छापाने उमटवा, आतली गौर सासूबाईंनी पाटावर काढावी. त्यांना खाली बसणे जमत नसेल तर टेबलावर गेरू लावलेला पाट ठेवून त्यांना खुर्चीवर बसू द्या आणि तोच पाट दारात मांडा. यामुळे सोसायटीच्या टाइल्सवर गेरूचे डाग पडल्याची तक्रारही येणार नाही.

उमटवताना जमीन पूर्ण कोरडी हवी. पुसलेल्या फरशीवर लगेच छाप ठेवला तर पूड ओल धरते आणि छापाला चिकटून वर येते. रांगोळी शिरगोळ्याची, मध्यम भरड असावी. अगदी वस्त्रगाळ पूड कडेखाली शिरते आणि तांदळाचे पीठ दमट हवेत गोळे धरते, त्यामुळे भोकांच्या छापाला ते उपयोगाचे नाही. छाप कोरड्या कापडाने घासून पुसू नका. घासल्याने प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि पूड खिडकीत पडण्याऐवजी कडांना चिकटते. पिळून घेतलेल्या ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवा. खिडकीच्या छापावर चहाच्या गाळणीने चार बोटे उंचीवरून पातळ थर चाळा. जमीन दिसेनाशी झाली की थांबा. भोकांच्या छापावर मात्र चिमूटभर पूड ठेवून जुन्या व्हिजिटिंग कार्डाने एकदाच, एकाच दिशेने ओढा. दुसऱ्यांदा ओढलेले कार्ड पूड छापाच्या कडेखाली ढकलते. चाळताना नाकावर रुमाल असावा, ही दगडाची पूड आहे.

छाप उचलण्यासाठी समोरासमोरच्या दोन कडांवर मास्किंग टेपची दुमडलेली कानशिले लावा. दोन्ही हातांनी सरळ वर उचला, एका बाजूने उलगडू नका. साठलेली पूड बाजूला कागदावर झटका, मगच पुढचे चिन्ह. वाऱ्याच्या झोताची जागा असेल तर जिन्याच्या खिडकीकडून सुरुवात करून दाराकडे या. पांढरे उमटल्यावर कासवाच्या डोळ्याचा ठिपका, नागाच्या फण्यावरची खूण, स्वस्तिकाचे चार बिंदू आणि शेवटची हळदकुंकवाची चिमूट हाताने टाका. ही कामे छापाने करू गेलात तर छाप निष्कारण किचकट होतो, आणि बोटाने टाकलेल्या बिंदूत जो जिवंतपणा असतो तो कोणत्याही छापात येत नाही.

वापरून झाल्यावर छाप साध्या पाण्याने धुवा, वाळवा आणि वर्तमानपत्राच्या घड्यांत एकेक आडवा ठेवून वर जड वही ठेवा. भिंतीला टांगू नका, गुंडाळूनही ठेवू नका. एकदा बाक आला की तो लवकर जात नाही. अक्षय्य तृतीयेनंतर सगळे बांधून ठेवण्यापूर्वी गोपद्माचा छाप मात्र बाहेर राहू द्या, कारण घरात चातुर्मासाचे गोपद्मव्रत असेल तर आषाढी एकादशीपासून रोज 33 गोपद्मे काढावी लागतात. त्यासाठी ए-3 शीटच्या लांबीवर अडीच सेंटिमीटर रुंदीची, मध्ये सहा मिलिमीटर अंतर असलेली 11 गोपद्मे एका ओळीत कापा. दोन्ही टोकांना कडेसाठी पुरेशी जागा उरते, आणि ती पट्टी एकाखाली एक तीनदा ठेवली की 33 पूर्ण होतात.